मद्य, द्यूत आणि परवाना

बॅरिस्टर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें खुनाचा खटला उभा राहतो. काळा झगा, डोक्यावर पांढरा टोप, पिंजऱ्यांत उभा असलेला आरोपी आणि उलटतपासणींत घामाघूम झालेला साक्षीदार, असें तें चित्र असतें. नाटकांनीं आणि कादंबऱ्यांनीं तें आपल्या मनावर इतकें ठसविलें आहे कीं, त्यापलीकडे बॅरिस्टरला कांहीं उद्योग असेल अशी शंकाहि आपणांस येत नाहीं. आज ज्या शाखेची ओळख मी श्रोत्यांना करून देणार आहें, तींत खून नाहीं, दरोडा नाहीं, आणि पुष्कळदां न्यायाधीशहि नाहीं. तींत एखादें मद्यगृह असतें, एखादें पैजेचें दुकान असतें, एखादा टॅक्सीवाला असतो. आणि या सर्वांच्या उपजीविकेचा आधार असलेला एक कागद असतो. त्या कागदाला परवाना म्हणतात. मद्य, जुगार व तत्सम नियंत्रित धंदे यांच्या परवान्यांवरच आपली सारी वकिली उभारलेले बॅरिस्टर इंग्लंडांत आहेत.

विषय रुक्ष वाटेल. पण क्षणभर विचार करावा. या एका कागदावर कोणाचें तरी भांडवल आणि दहावीस नोकरांची भाकरी अवलंबून असते. त्याच कागदामुळें शेजारच्या माडीवर राहणाऱ्या म्हातारीची झोंप उडते. आणि त्याच कागदाच्या आधारानें चालणाऱ्या टेबलावर एखाद्या घरचा महिन्याचा पगार तासाभरांत नाहींसा होतो. या तिघांचें हित एकाच वेळीं कसें सांभाळावयाचें, हा या शाखेपुढील खरा प्रश्न आहे.

परवाना ही वस्तु मोठी चमत्कारिक आहे. ती हक्क नव्हे, कारण हक्कासाठीं कोणाची अनुज्ञा मागावी लागत नाहीं. आणि ती मेहेरबानीहि नव्हे, कारण मेहेरबानी नाकारणाऱ्याला कारण सांगावें लागत नाहीं. या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेंत परवाना उभा असतो, आणि तेथेंच या बॅरिस्टराचें कार्यक्षेत्र आहे. ही जागा कशी निर्माण झाली हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १५५२ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें कायदा करून बिअर विकणाऱ्यांवर मॅजिस्ट्रेटांच्या परवान्याचें बंधन घातलें. परवाना घेणाऱ्याला जामीन द्यावा लागे, आणि आपल्या घरांत बेकायदेशीर खेळ चालूं देणार नाहीं अशी हमी त्यांत असे. म्हणजे पेला आणि फांसा यांची सांगड कायद्यानें तेव्हांपासूनच ओळखली होती.

पुढें १८९१ सालीं एक महत्त्वाचा निकाल झाला. वेस्टमोरलंड परगण्यांतील केंटमिअर या आडवळणाच्या ठिकाणीं एक सराई होती. तिचा परवाना वर्षानुवर्षें नूतन होत आला होता. मॅजिस्ट्रेटांनीं एके वर्षीं तो नाकारला. ती सराई पोलिसांच्या देखरेखीपासून दूर आहे आणि त्या भागाला तिची गरज नाहीं, असें कारण त्यांनीं दिलें. सराईच्या मालकिणीचें म्हणणें असें कीं, दरवर्षीं मिळत आलेला परवाना असा काढून घेतां येत नाहीं. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें आणि ती हरली. परंतु त्याच निकालांत लॉर्ड चॅन्सेलर हॅल्सबरी यांनीं दुसरीहि गोष्ट स्पष्ट केली. मॅजिस्ट्रेटांना निवड करण्याचा अधिकार आहे. पण ती निवड लहरीप्रमाणें किंवा खासगी मतानुसार नव्हे, तर विवेकानें आणि न्यायाच्या नियमांस धरून केली पाहिजे. परवाना मालकीची वस्तु नाहीं, हें एक तत्त्व. आणि नाकारणाऱ्याला सबळ कारण असलें पाहिजे, हें दुसरें. या शाखेंतील बहुतेक युक्तिवाद या दोन तत्त्वांच्या दरम्यान फिरतात.

आतां या शाखेंत तरुण मनुष्य शिरतो कसा तें पाहूं. आरंभीं तो इतर बॅरिस्टरांसारखाच शिकतो. कायद्याचें शिक्षण, त्यानंतर बॅरिस्टरीचें व्यावसायिक शिक्षण, आणि लंडनच्या चार इनांपैकीं एकीचें सभासदत्व. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या त्या चार संस्था होत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ सालीं ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, हें महाराष्ट्राला सांगावयास नको. शिक्षण संपल्यावर वर्षभर अनुभवी बॅरिस्टराच्या हाताखालीं उमेदवारी करावी लागते. पहिल्या सहा महिन्यांत पाहावयाचें, ऐकावयाचें आणि टिपणें तयार करावयाचीं; पुढील सहा महिन्यांत स्वतः उभें राहावयाचें.

हीं पहिलीं कामें अगदीं लहान असतात. एखाद्या दुकानदारानें अठरा वर्षांखालील मुलाला बिअरची बाटली विकलेली असते. पुष्कळदां तो मुलगा अधिकाऱ्यांनींच परीक्षा पाहण्याकरितां पाठविलेला असतो. एखाद्या टॅक्सीवाल्याचा जुना गुन्हा उघडकीस आलेला असतो, आणि तो परवाना धारण करण्यास योग्य व लायक मनुष्य आहे कीं नाहीं, हें ठरवावयाचें असतें. या लहान प्रकरणांतच तरुण बॅरिस्टर आपल्या शाखेचा मूलमंत्र शिकतो. फौजदारी न्यायालय मागें पाहतें. या मनुष्यानें अमुक दिवशीं अमुक कृत्य केलें काय, एवढेंच तें विचारतें. परवाना देणारा अधिकारी पुढें पाहतो. या मनुष्यावर उद्यां विश्वास टाकावा काय, असें तो विचारतो. म्हणून येथें कोणी निर्दोष सुटूनहि परवाना गमावतो, आणि कोणी दोषी ठरूनहि तो राखतो. अशिलाचा बचाव करणें पुरेसें नसतें. त्याची सुधारणा दाखवावी लागते.

मद्याच्या परवान्यांचें काम शतकानुशतकें मॅजिस्ट्रेटांकडे होतें. २००३ सालच्या कायद्यानें तें इंग्लंड व वेल्समध्यें स्थानिक कौन्सिलांकडे दिलें, आणि हा कायदा २४ नोव्हेंबर २००५ पासून पूर्णपणें अंमलांत आला. आतां प्रथम सुनावणी कौन्सिलाच्या तीन सभासदांपुढें, टाऊन हॉलच्या एखाद्या खोलींत होते. तेथें टोप नसतो, झगा नसतो. एका बाजूस अर्जदार, दुसरीकडे पोलिस अधिकारी, आवाजाच्या उपद्रवाची तपासणी करणारा अधिकारी आणि त्या गल्लींतील चार रहिवासी. पुराव्याचे कडक नियम नसल्यानें ऐकीव गोष्टीहि सांगतां येतात. मात्र वेळ मोजका असतो. कायद्यानें चार हेतु ठरवून दिले आहेत : गुन्हे व दंगल यांस प्रतिबंध, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवास आळा आणि मुलांचें रक्षण. या चार हेतूंत नीति हा शब्द नाहीं, हें लक्षांत घ्यावें. दारू पिणें चांगलें कीं वाईट, असा प्रश्न त्या खोलींत कोणी विचारूं शकत नाहीं. ज्या वकिलाला तो मोह आवरत नाहीं, त्याचें भाषण फुकट जातें.

अर्थात् येथें वक्तृत्वापेक्षां तयारीला मोल अधिक. गल्लीचा नकाशा, दारांची रुंदी, आवाजाचें मोजमाप, शेवटची बस किती वाजतां सुटते, टॅक्सी कोठें उभ्या राहतात, हें सर्व हाताशीं असावें लागतें. त्या गल्लींत रात्रीं दोन वाजतां काय दिसतें, हें ज्याला ठाऊक आहे त्याचा एक शब्द दुसऱ्याच्या दहा शब्दांहून जड पडतो.

कौन्सिलानें चूक केली असें वाटल्यास मॅजिस्ट्रेटांकडे अपील करतां येतें. लंडनच्या सोहो भागांतील एका मद्यगृहाचें प्रकरण या बाबतींत प्रसिद्ध आहे. त्याचे गिऱ्हाईक पेले घेऊन बाहेरच्या चौकांत उभे राहत आणि त्यांच्या गलबल्यानें रहिवाशांना त्रास होई. संध्याकाळीं सहानंतर पेला बाहेर नेऊं देऊं नये, अशी अट कौन्सिलानें घातली. मालक अपिलांत गेला, हरला, आणि शेवटीं २०११ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंहि त्याच्या विरुद्धच निकाल दिला. त्या निकालांत न्यायमूर्ति टूलसन यांनीं या निर्णयांचें स्वरूप फार चांगलें उलगडून सांगितलें. परवान्याचा निर्णय हा खरें कीं खोटें असा नसतो. मालकाचा लाभ, गिऱ्हाइकांचा आनंद आणि शेजाऱ्यांचा त्रास हे तराजूंत घालून तो करावयाचा असतो. आणि लोकांनीं निवडलेल्या सभासदांनीं तो कारणें देऊन केला असेल, तर अपील ऐकणाऱ्यानें त्या कारणांना योग्य तें वजन दिलें पाहिजे.

तराजूचें पारडें कसें सावरतां येतें, याचें उदाहरण २०१६ सालीं लंडनमध्यें घडलें. फॅब्रिक नांवाच्या विख्यात नृत्यगृहांत थोड्या आठवड्यांच्या अंतरानें अठरा अठरा वर्षांचे दोन तरुण अमली पदार्थांमुळें मृत्यु पावले. सप्टेंबरांत इस्लिंग्टन कौन्सिलानें त्याचा परवाना रद्द केला. तें बंद राहूं नये म्हणून दीड लाखांहून अधिक लोकांनीं सह्या केल्या. दोन्ही बाजू आपापल्या परीनें खऱ्या होत्या. दोन घरांतील मुलें परत येणार नव्हतीं. आणि शेंकडों लोकांचा रोजगार व शहराच्या संगीताचें एक केंद्रहि नाहींसें होणार होतें. नोव्हेंबरांत तडजोड झाली आणि न्यायालयानें ती मान्य केली. नृत्यगृह पुन्हां उघडलें. पण ३२ नव्या अटींवर. मुख्य रात्रीं एकोणीस वर्षांखालील कोणालाहि प्रवेश नाहीं, प्रत्येकाचें ओळखपत्र तपासावयाचें, आणि आंत अमली पदार्थ घेतांना वा विकतांना सांपडेल त्याला जन्मभर बंदी. या शाखेंतील बॅरिस्टराचें कौशल्य पुष्कळदां लढण्यापेक्षां अशा अटी लिहिण्यांत दिसून येतें. अट अस्पष्ट असली तर ती पाळली गेली कीं नाहीं हें कोणालाच सांगतां येत नाहीं. अवास्तव कडक असली तर धंदा मरतो.

जुगाराची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. १८४५ च्या कायद्यानें इंग्लंडांत पैजेचा करार न्यायालयांत निरर्थक ठरविला. पैज लावणें गुन्हा नव्हता. पण जिंकलेला पैसा मिळविण्यासाठीं फिर्याद करतां येत नसे. १९०६ सालीं रस्त्यावर पैजा घेणें हा गुन्हा ठरला. श्रीमंत मनुष्य आपल्या खात्यावर उधारीनें पैज लावूं शके, किंवा घोड्यांच्या मैदानावर जाई. मजूर मात्र कोपऱ्यावरच्या दलालाच्या हातीं चिठ्ठी देतांना पकडला जाई. हा अन्याय पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला. १९६० च्या कायद्यानें पैजेच्या दुकानांना परवाने देण्याची सोय केली, आणि १ मे १९६१ पासून तीं उघडलीं. पण त्याच कायद्यांतील फटींतून मोठमोठीं जुगारगृहें उभीं राहिलीं, आणि त्यांच्यामागून गुंडांच्या टोळ्या आल्या. तेव्हां १९६८ सालीं दुसरा कायदा करून जुगारावर देखरेख ठेवणारें स्वतंत्र मंडळ नेमावें लागलें.

त्या काळांतील कायद्याचें एक तत्त्व असें होतें कीं, लोकांची जी हौस आहे तिला वाट द्यावी, पण नवी हौस निर्माण करूं नये. म्हणून त्या भागांत अपुरी राहिलेली मागणी आहे कीं नाहीं, हें पाहिलें जाई. या नियमानें वकिलांना भरपूर काम पुरविलें. नव्या दुकानाचा वकील जुन्या दुकानांपुढें रांगा लागतात असें सांगे; जुन्या दुकानाचा वकील त्या रांगा कोणालाच दिसत नाहींत असें सांगे. २००५ च्या कायद्यानें ही कसोटीच रद्द केली. आतां तीन हेतु पाहिले जातात : जुगारामुळें गुन्हेगारी वाढूं नये, खेळ सचोटीनें व उघडपणें चालावा, आणि मुलें व दुर्बळ मनाचीं माणसें यांची हानि वा पिळवणूक होऊं नये. याच कायद्यानें जुगारांतील येणें न्यायालयांतून वसूल करतां येईल असें ठरविलें, आणि १८४५ पासूनचें जुनें बंधन १ सप्टेंबर २००७ पासून सुटलें.

बंधन सुटलें म्हणूनच पुढील विलक्षण खटला उभा राहूं शकला. फिल आयव्ही हा अमेरिकेंतील धंदेवाईक पत्तेबाज. २०१२ सालच्या ऑगस्टांत लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबांत पुंटो बँको या खेळांत त्यानें सुमारें ७७ लाख पौंड जिंकले. त्या पत्त्यांच्या पाठीवरील नक्षी दोन्ही कडांना तंतोतंत सारखी नव्हती. माझी एक श्रद्धा आहे, असें भासवून त्यानें व त्याच्या सहकारिणीनें पत्ते वाटणाऱ्या नोकर स्त्रीकडून मोठ्या किंमतीचे पत्ते उलट दिशेनें फिरवून घेतले. आणि मग नुसत्या पाठीवरून पत्ता ओळखून तो डाव लावीत गेला. त्यानें स्वतः पत्त्याला हात लावला नव्हता. क्लबानें पैसे नाकारले, त्यानें फिर्याद केली. हें आपलें कायदेशीर कौशल्य आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, हें न्यायालयांनींहि मान्य केलें. तरी २५ ऑक्टोबर २०१७ रोजीं सुप्रीम कोर्टानें ही लबाडीच आहे असें ठरविलें, आणि पुढें जाऊन सांगितलें कीं, अप्रामाणिकपणा ठरवितांना सामान्य सभ्य माणसांची कसोटी लावावयाची. आपलें कृत्य इतरांना अप्रामाणिक वाटेल याची आरोपीला जाणीव होती कीं नाहीं, हें पाहण्याचें कारण नाहीं. इंग्लंडच्या फौजदारी कायद्यांत १९८२ पासून रूढ असलेला नियम अशा रीतीनें पत्त्यांच्या एका टेबलावरून बदलला.

परंतु आयव्हीसारखा मनुष्य स्वतःची बाजू मांडण्यास समर्थ असतो. ज्याची बाजू मांडण्यास कोणीच नसतो, असा एक पक्ष या प्रत्येक सुनावणींत अदृश्य रूपानें हजर असतो, आणि तो म्हणजे हरणाऱ्याचें कुटुंब. पैजेच्या दुकानांतील यंत्रांवर एकेका डावाला १०० पौंडांपर्यंत रक्कम लावतां येत असे. शेजारच्या मद्यगृहाच्या गलबल्याविरुद्ध रहिवासी अर्ज करतात. पण घरांत पगार न आल्याचा आवाज गल्लींत ऐकूं येत नाहीं. पुष्कळ वर्षांच्या चळवळीनंतर १ एप्रिल २०१९ पासून ती मर्यादा २ पौंडांवर आणण्यांत आली, आणि १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास बंदी झाली. त्या गैरहजर पक्षाच्या वतीनें बोलणारें यांहून प्रभावी भाषण क्वचितच सांपडेल.

आपल्याकडे या कायद्याची वाट कशी निराळी वळली, हेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मुंबई इलाख्याचा जुगारविरोधी कायदा १८८७ चा. त्यानें जुगाराचा अड्डा चालविणें गुन्हा ठरविलें; निव्वळ कौशल्याचे खेळ मात्र त्यांतून वगळले. घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांना परवाने देणारा कायदा १९१२ सालीं झाला. पुढें स्वातंत्र्यानंतर बंगलोरच्या एका साप्ताहिकांतील बक्षिसांच्या शब्दकोड्यांवर मुंबई सरकारनें निर्बंध व कर लादला, आणि हा व्यापाराच्या स्वातंत्र्यावर घाला आहे अशी तक्रार झाली. मुंबई हायकोर्टानें तक्रारदारांच्या बाजूनें निकाल दिला. पण ९ एप्रिल १९५७ रोजीं सुप्रीम कोर्टानें तो फिरविला. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनीं सांगितलें कीं, जुगार हा व्यापारच नव्हे. म्हणून व्यापाराला घटनेनें दिलेलें संरक्षण त्याला मिळत नाहीं.

या एका वाक्यानें दोन देशांतील वकिलांचे मार्ग वेगळे झाले. इंग्लंडांतील बॅरिस्टर अटींविषयीं वाद घालतो, आपला वकील व्याख्येविषयीं. खेळ नशिबाचा ठरला तर संरक्षण नाहीं. कौशल्याचा ठरला तर आहे. म्हणून १९६७ सालीं रमी आणि १९९६ सालीं घोड्यांची शर्यत हे मुख्यतः कौशल्याचे खेळ आहेत, असें सुप्रीम कोर्टांत सिद्ध करावें लागलें. गोव्यांत मांडवीच्या पात्रांत जुगाराच्या नौका परवान्यानें उभ्या आहेत; महाराष्ट्रानें मात्र १९७६ सालीं केलेला कॅसिनोंचा कायदा कधींच अंमलांत आणला नाहीं, आणि २०२३ सालीं तो रद्द करून टाकला. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें इंटरनेटवरील पैशांच्या खेळांना बंदी घालणारा कायदा केला. त्यांत कौशल्य असो वा नशीब, असा भेदच ठेवला नाहीं.

बंदी चांगली कीं परवाना, याचा निकाल देणें हें माझें काम नाहीं. दोन्हींना किंमत मोजावी लागते, एवढेंच इतिहास सांगतो. न्यूयॉर्कच्या कापूस-बाजारांतून येणाऱ्या आंकड्यांवर मुंबईंत एके काळीं पैजा लागत. त्याच सवयींतून १९६० नंतर मटका फोफावला, आणि कोणत्याहि कायद्यानें दिलेला परवाना त्याच्यापाशीं नव्हता. जेथें परवाना नाहीं तेथें अट नाहीं, आणि जेथें अट नाहीं तेथें हरणाऱ्याला दाद मागण्याची जागा नाहीं. उलट, परवान्यामुळें लोभाला प्रतिष्ठा मिळते आणि राज्याच्या तिजोरीला त्या उत्पन्नाची चटक लागते, हेंहि खोटें नाहीं.

शेवटीं एका आक्षेपाचा विचार करून हें भाषण संपवितों. जो वकील आज मद्यगृहाकरितां उभा राहतो, तोच उद्यां रहिवाशांकरितां उभा राहतो, मग त्याच्या मताला अर्थ काय? इंग्लंडच्या बॅरिस्टरांत जुना नियम असा आहे कीं, थांब्यावरच्या टॅक्सीनें जसा पुढें आलेला उतारू घ्यावयाचा, तसें बॅरिस्टरानें आपल्या शाखेंतील समोर आलेलें काम घ्यावयाचें. अशील आवडीचा नाहीं म्हणून तें नाकारावयाचें नाहीं. या नियमामुळें तो दोन्ही घरांच्या खिडक्यांतून तीच गल्ली पाहतो. ज्यानें मालकाचे हिशेब वाचले आहेत आणि म्हातारीची तक्रारहि ऐकली आहे, त्याला कोणती अट खरोखर पाळली जाईल आणि कोणती केवळ कागदावर राहील, हें कळतें. पुढील वेळीं एखाद्या दुकानाच्या भिंतीवर चौकटींत लावलेला परवाना दिसला, तर श्रोत्यांनीं त्याच्या खालच्या बारीक अक्षरांतील अटी अवश्य वाचाव्या. जे त्या सुनावणीला येऊं शकले नाहींत, त्यांच्या वतीनें कोणी कांहीं बोललें कीं नाहीं, हें तेथेंच कळेल.